लोणच्याच्या बेटावर

सिएटलच्या धक्क्यावरून बेनब्रिज बेटावर जाणारी बोट पस्तीस मिनिटांत पोहोचते. बोट कसली, चालतं गावच ते. खाली मोटारींच्या रांगा, वर मोठमोठ्या काचांचा दिवाणखाना, कॉफीचं दुकान आणि लॅपटॉप उघडून बसलेली माणसं. राजिवड्यात खाडीच्या काठावर वाढलेल्या मला होडीचं अप्रूप नाही, पण ही होडी हलत कशी नाही याचं अप्रूप वाटलं. जावयाने गाडी खाली लावली, मुलीने तान्ह्याला छातीशी बांधलं, आणि मी आणि माझी आठ वर्षांची नात वरच्या मजल्यावर वाऱ्यात जाऊन उभ्या राहिलो. माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली, खजूर, जानमाज आणि दोन बॅटी.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी खेळायला निघाले होते. हे लिहिताना अजूनही जरा लाज वाटते, म्हणून आधी ते कसं झालं ते सांगते.

मी मार्चमध्ये मुलीच्या बाळंतपणासाठी आले. रेडमंड हे सिएटलच्या पूर्वेला असलेलं मायक्रोसॉफ्टचं गाव. आपले लोक इथे इतके, की पार्कात कुणाबद्दल मराठीत बोलायचं तर आधी आजूबाजूला बघावं लागतं. पण पार्कापर्यंत जायला आधी पाऊस थांबायला हवा. आमच्या कोकणातला पाऊस चार महिने कोसळतो आणि जातो. इथला नुसता बारीक रिमझिमत राहतो, न रागावता, न थांबता. मुलगी आणि बाळ झोपलेलं, नात शाळेत, जावई कामावर, आणि मी स्वयंपाकघरात. दुपारी घरात फ्रिजचा आवाज तेवढा ऐकू येई. डॉक्टरांनी साखरेसाठी रोज चालायला सांगितलं होतं. मी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारायचे आणि तसबीहवर मोजायचे.

मे महिन्यात ऊन पडलं. नातीला शाळेतून आणताना पार्काच्या बाजूने यायचो. तिथून एक आवाज यायचा. टॉक, टॉक, टॉक. खलबत्त्यात वेलदोडे कुटावेत तसा, पण दोन खलबत्ते एकमेकांशी बोलत असावेत असा. टेनिसच्या मैदानावर जास्तीच्या रेघा मारून छोटी छोटी मैदानं केली होती. त्यांत माणसं लाकडी फळीएवढ्या बॅटींनी भोकं असलेला पिवळा प्लास्टिकचा चेंडू मारत होती. मला खेळाचं नवल वाटलं नाही, खेळणाऱ्यांचं वाटलं. पांढऱ्या केसांच्या बाया, पोट सुटलेले बुवा, गुडघ्याला पट्टा बांधलेले. एक बाई तर माझ्या अम्मीच्या वयाची वाटली. ती जागची फारशी हलत नव्हती, आणि समोरचा तरुण मात्र घामाघूम झाला होता.

"नानी, पिकलबॉल," नात म्हणाली.

पिकल म्हणजे लोणचं हे मला ठाऊक होतं. लोणच्याचा चेंडू! मी हसत घरी आले. दुसऱ्या दिवशी मात्र आम्ही दहा मिनिटं थांबलो, तिसऱ्या दिवशी अर्धा तास. चौथ्या दिवशी त्या म्हाताऱ्या बाईंनी मला हाताने बोलावलं आणि बॅट पुढे केली.

मी मान हलवून नाही म्हटलं. एकतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. पी.टी.च्या तासाला हजारदा शिट्टी वाजवली असेल, पण स्वतः खेळले नाही. शेवटचं खेळले ते वयाच्या बाराव्या वर्षी. आमच्या आळीत लगोरी जोरात चाले आणि माझी आपा तिच्यातली उस्ताद. तीन वर्षांनी मोठी. तिचा नेम असा, की सात ठिकऱ्यांतल्या वरच्या तीन हव्या म्हणाल तर तीनच उडतील. एक दिवस दादीने तिला हाक मारली, "अगं, मोठी झालीस आता, घरात ये." आपा आत गेली. माझी पाळी पुढे तीन वर्षांनी आली. कुणी मारलं नाही, कुणी ओरडलं नाही. दादीचं प्रेमही काही कमी झालं नाही. फक्त ओटीच्या आतून खेळाचा आवाज ऐकायची सवय झाली.

त्या बाईंनी बॅट मागे घेतली नाही. नातीने मला मागून ढकललं.

खेळ समजायला सोपा आहे, आणि तीच त्याची खुबी. मैदान वीस फूट रुंद आणि चव्वेचाळीस फूट लांब, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीचं असतं तेवढंच. जाळी कडेला छत्तीस इंच उंच आणि मध्यभागी चौतीस. बॅडमिंटनसारखी उंच नाही, त्यामुळे मान वर करून बघत बसावं लागत नाही. सर्व्हिस खालच्या हाताने, कमरेच्या खालून, तिरकी समोरच्या चौकोनात. ती समोरच्याने टप्पा पडू देऊनच मारायची, आणि त्याचा परतलेला चेंडू आपणही टप्पा पडू देऊनच मारायचा. म्हणजे सर्व्हिसलाच गुण घेऊन जायची सोय नाही. दोन टप्पे होईपर्यंत सगळे सारखे. अकरा गुणांचा डाव, जिंकायला दोन गुणांचं अंतर हवं, आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच मिळतो.

गुण ओरडून सांगायचे असतात, आणि तिथे माझी फजिती झाली. दुहेरीत तीन आकडे म्हणतात: आपले गुण, त्यांचे गुण, आणि आपल्यापैकी कितवा माणूस सर्व्हिस करतोय तो आकडा. डाव सुरू करताना "शून्य-शून्य-दोन" म्हणतात. पहिल्या फेरीत सुरुवात करणाऱ्या बाजूला एकच सर्व्हिस करणारा मिळतो, म्हणून एकदम दोन. गणित शिकवण्यात जन्म गेला, पण हे दोन माझ्या गळी उतरायला आठवडा लागला.

खरी गंमत 'किचन'ची. जाळीला लागून दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो. त्यात उभं राहून चेंडू हवेतल्या हवेत मारायचा नाही. टप्पा पडला तर आत जाऊन खुशाल मारा. या पट्ट्याला सगळे किचन म्हणतात. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने पुढे जाऊन चेंडू हाणला आणि चारी बाजूंनी ओरडा झाला, "किचन! किचन!" मी गोंधळून नातीकडे पाहिलं. ती म्हणाली, "नानी, ते म्हणतायत, किचनमधून बाहेर ये."

चाळीस वर्षांत हे मला कुणी पहिल्यांदा सांगत होतं.

त्या पट्ट्यामुळेच म्हातारी माणसं या खेळात टिकतात. जाळीवर येऊन चेंडू दणकन आपटता येत नाही, त्यामुळे ताकदवान माणसाची अर्धी ताकद वाया जाते. मग उरतं ते हलक्या हाताने चेंडू जाळीपलीकडे नुसता ठेवणं. भाकरी तव्यावर टाकतो ना, आपटत नाही, तसं. त्याला इथे डिंक म्हणतात. तरुण मुलं चार डिंकांनंतर कंटाळून जोरात मारतात आणि चेंडू बाहेर जातो. त्या म्हाताऱ्या बाई, वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा बदललेला, पंधरा-पंधरा डिंक करत वाट बघत राहायच्या. सबुरी हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण त्यांच्याकडे तीच होती.

आणि एक पद्धत मला फार आवडली. कुंपणाला बॅटी लावायची एक घोडी असते. आलात की आपली बॅट रांगेत लावायची. डाव संपला की पुढच्या चार बॅटींचे धनी मैदानात. कुणाशी ओळख आहे, कुणाला बोलावलंय, हा प्रश्नच नाही. माझी चौकडी कधी एका निवृत्त इंजिनिअरबरोबर जमली, कधी कोरियन आजीबरोबर, कधी एका गुजराती भाभींबरोबर. माझ्या डोक्यावरचा रुमाल पहिल्या दिवशी दोघातिघांनी पाहिला, दुसऱ्या दिवशी कुणी नाही. ओढणी मात्र मैदानात कामाची नाही, पायात येते. मुलीने डोक्यावरून घालायचा, पिना न लागणारा रुमाल आणला आणि मी कमीज गुडघ्यापर्यंत आखूड शिवून घेतली. ज्यांना सुरुवात करायची असेल त्यांना एवढंच सांगते, बॅट साधी चालेल, उसनीसुद्धा चालेल, पण बूट चालायचे नकोत. चालायचे बूट पुढे जाण्यासाठी असतात. इथे आडवं सरकायचं असतं, त्यासाठी कडेने घट्ट असलेले कोर्टाचे बूट घ्या. मी हे घेतले नव्हते.

जूनमध्ये इथे मगरिब नऊनंतर होते. असर पढून मैदानावर गेलं तरी तीन तास उजेड. त्या लांबलेल्या दिवसांनी मला बिघडवलं. मी रोज जाऊ लागले. साखर उतरली, झोप लागू लागली, जेवताना मी मैदानावरच्या गोष्टी सांगू लागले. आणि एका संध्याकाळी समोरच्याने चेंडू माझ्या डोक्यावरून उंच टाकला. मी चेंडूकडे बघत उलट पावली मागे धावले. टाच अडकली, आणि मी डाव्या हातावर पडले.

हाड मोडलं नव्हतं, अल्हम्दुलिल्लाह. मनगट मुरगळलं होतं. पण दवाखान्यात चार तास गेले, आणि दुधपित्या बाळाला घेऊन मुलगी तिथे बसून राहिली. परतताना गाडीत ती म्हणाली, "अम्मी, मी तुला बाळासाठी बोलावलं ना? आता तुलाच सांभाळू का?" तिचं चुकलं नव्हतं. म्हणून तर ते लागलं. तीन आठवडे हातात पट्टी. पोळ्या जावई लाटायचा, नकाशासारख्या. त्यातच नातीने आधी काढलेला माझ्या खेळाचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला होता. रत्नागिरीहून आपाचा फोन आला. "नानी झालीस ना ग? या वयात हे कसले थेर?" मी म्हटलं, "आपा, तुझा नेम असता तर तू इथे सगळ्यांना हरवलं असतंस." पलीकडे जरा वेळ काही बोलणंच नाही. मग तिने विषय बदलला.

पट्टी सुटल्यावर मी मैदानापर्यंत गेले आणि बाकावर बसून राहिले. बॅट रांगेत लावली नाही. अठ्ठ्याहत्तरच्या बाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "मागे उलटं कधीच धावायचं नाही. आधी वळायचं, मग धावायचं. नाही जमलं तर गुण सोडून द्यायचा. गुण पुन्हा मिळतात. मनगटं दोनच असतात." मग त्यांनी मला उठवून नुसतं वळायला शिकवलं. चेंडू नाही, बॅट नाही. डावीकडे उंच गेला, वळ. उजवीकडे गेला, वळ. अर्धा तास आम्ही दोघी कुंपणाशी गिरक्या घेत होतो. पाहणाऱ्याला काय वाटलं असेल ते असो.

मुलीला मी तीन गोष्टी कबूल केल्या: योग्य बूट, आठवड्यातून तीनच दिवस, आणि डोक्यावरून गेलेला चेंडू समोरच्याचा. ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी बूट आले.

त्याच बाईंनी सांगितलं, की हा खेळ जिथे जन्मला ते बेट इथून जवळच आहे, परत जायच्या आधी बघून ये. म्हणून ऑगस्टमधल्या एका शनिवारी आम्ही बोटीवर होतो.

नातीने शाळेच्या वाचनालयातून वाचून आणलेली गोष्ट बोटीवर मला पुन्हा सांगितली. १९६५ सालचा उन्हाळा. जोएल प्रिचर्ड नावाचे गृहस्थ, त्या वेळी राज्याच्या विधिमंडळात होते, पुढे काँग्रेसमध्ये गेले आणि नंतर वॉशिंग्टन राज्याचे उपराज्यपाल झाले. बेनब्रिजवर प्लेझंट बीच भागात त्यांचं घर. ते आणि त्यांचे मित्र बिल बेल गोल्फ खेळून आले, तर घरात पोरं कंटाळून कुरकुरत होती. अंगणात जुनं बॅडमिंटनचं मैदान होतं, पण बॅडमिंटनचं सामान पुरतं सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी घेतल्या आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू. जाळी आधी बॅडमिंटनच्या उंचीला, साठ इंचांवर होती. चेंडू डांबरी जमिनीवर बरा उसळतोय हे दिसल्यावर ती छत्तीस इंचांवर आणली. पुढच्या शनिवार-रविवारी बार्नी मॅककॅलम हे तिसरे मित्र आले. त्यांनी प्लायवूड कापून बॅटी केल्या. तिघांनी मिळून नियम केले, आणि मनात एकच धरलं, की घरातल्या सगळ्यांना, लहानमोठ्यांना, एकत्र खेळता यावं.

"आणि लोणचं?" मी विचारलं.

लोणच्याचे दोन पाठ आहेत. एक म्हणतो, प्रिचर्डांच्या पिकल्स नावाच्या कुत्र्यावरून. घरच्या माणसांचं म्हणणं, कुत्रं नंतर आलं, खेळावरून कुत्र्याचं नाव पडलं. प्रिचर्डांच्या पत्नी जोन यांनी नाव दिलं ते वल्हवण्याच्या शर्यतीतल्या 'पिकल बोटी'वरून. इतर नावांत ज्यांना जागा मिळाली नाही त्या उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांची जी नाव भरतात ती पिकल बोट. याही खेळात सगळं उरलंसुरलंच होतं. बॅट एका खेळाची, मैदान दुसऱ्याचं, चेंडू तिसऱ्याचा. मला दुसरा पाठ पटला. त्यात माझा स्वार्थ आहे, हे कबूल करते.

बोट विन्स्लोला लागली. बेट म्हणजे उंच, काळपट हिरवी झाडी, तिच्यातून वळत जाणारे रस्ते आणि मध्येच चमकणारं पाणी. जावयाने नकाशात 'प्रिचर्ड पार्क' पाहिलं आणि सगळे म्हणालो, हेच असणार. खेळ बनवणाऱ्याच्या नावाचं उद्यान म्हणजे तिथे मैदान असणार, चार फलक असणार. मी गाडीतच बूट बांधले.

तिथे मैदान नव्हतं. झाडीतून खाली उतरणारी वाट होती आणि तिच्या कडेने एक लांबच लांब लाकडी भिंत. भिंतीवर नावं. जपानी आडनावं, एकापुढे एक. मध्ये मध्ये भाजलेल्या मातीची चित्रं, कुणीतरी अडकवलेले रंगीत कागदी बगळे. वाट संपते ती पाण्यावर, जिथे पूर्वी ईगलडेलचा धक्का होता. ३० मार्च १९४२ रोजी, जपानशी युद्ध सुरू असताना, या बेटावरच्या जपानी वंशाच्या २२७ माणसांना इथून बोटीत चढवून नेलं. देशातली अशी ही पहिली रवानगी. सहा दिवसांची मुदत, हातात मावेल तेवढं सामान, दोन्ही बाजूंना बंदुकी घेतलेले सैनिक. त्यांना आधी कॅलिफोर्नियातल्या मांझानारच्या छावणीत नेलं, पुढे अनेकांना आयडाहोतल्या मिनिडोकाला. स्ट्रॉबेरी पिकवणारी, याच गावच्या शाळेत जाणारी माणसं ही. बहुतेक इथेच जन्मलेली, याच देशाची नागरिक. भिंतीवर २७६ नावं आहेत, आणि भिंतही २७६ फूट लांब आहे. स्मारकाचं ब्रीद जपानीत आहे, 'निदोतो नाइ योनी', असं पुन्हा न होवो.

नात नावं वाचत पुढे गेली आणि परत आली. "नानी, यांनी काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग शेजारी काय करत होते?"

मी जावयाकडे पाहिलं. त्याने फोनवर वाचून सांगितलं. बेटावरच्या 'बेनब्रिज रिव्ह्यू' या छोट्या वर्तमानपत्राचे संपादक वुडवर्ड पतिपत्नी त्या आदेशाविरुद्ध लिहीत राहिले. काही फिलिपिनो शेतमजुरांनी गेलेल्यांची शेतं सांभाळली. काही कुटुंबं युद्धानंतर परत आली, काही आली नाहीत. मुलीने बाळाचं टोपडं सारखं केलं आणि आणखी थोडा वेळ त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. आमच्याकडेही परदेशातले कागद एका फाइलमध्ये, दाराजवळच्या कपाटात असतात. त्याविषयी आम्ही कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोललो नाही.

या धक्क्यावरून माणसं गेली ते १९४२ आणि काही मैलांवर मुलांसाठी जाळी खाली आली ते १९६५. मध्ये तेवीस वर्षं. बेट तेच. मला या दोन गोष्टींचा मेळ घालता आला नाही आणि मी घालायचा प्रयत्नही केला नाही. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

प्लेझंट बीचच्या बाजूने गेलो, पण प्रिचर्डांचं जुनं मैदान एका खाजगी घराच्या आवारात आहे. कुणाच्या घराशी गाडी थांबवून डोकावणं बरं दिसत नाही, म्हणून वेग कमी करून पुढे निघालो. २०२२ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनचे राज्यपाल याच बेटावर आले होते आणि त्यांनी पिकलबॉल हा राज्याचा अधिकृत खेळ ठरवणाऱ्या कायद्यावर सही केली.

खेळायला मिळालं ते बॅटल पॉइंट पार्कात. तिथली मैदानं खेळाच्या संस्थापकांच्या नावाने आहेत. लांबूनच तो खलबत्ता ऐकू आला आणि माझे पाय हलके झाले. इथेही बॅटींची रांग. मी आणि नातीने आमच्या दोन बॅटी लावल्या. आमची पाळी आली तेव्हा समोर बेटावरचं एक जोडपं, दोघं सत्तरीपुढचे. आजोबांनी नातीला विचारलं, "तुझी पार्टनर चांगली खेळते का?" ती म्हणाली, "ती मागे धावत नाही." मुलगी बाकावरून मोठ्याने हसली. जूननंतर या विषयावर ती पहिल्यांदाच हसत होती.

आम्ही अकरा-सहाने हरलो. सहापैकी चार गुण नातीचे. एकदा चेंडू उंच माझ्या डोक्यावरून गेला, आणि मी वळले. वळून पोहोचलेही, चेंडू बॅटीला लागला आणि जाळीत गेला. त्या आजींनी पलीकडून बॅटीवर हात आपटून दाद दिली. डाव संपल्यावर जाळीपाशी जाऊन बॅटीला बॅट लावतात, तशी आम्ही लावली. मग मी गवतावर जानमाज पसरून असर पढले. शेजारच्या मैदानावर टॉक टॉक चालूच होतं, आणि त्याने काही बिघडलं नाही.

सप्टेंबरमध्ये मी परत आले. भारतात हा खेळ आणण्याचं श्रेय मुंबईच्या सुनील वालावलकरांना देतात, कॅनडात त्यांनी तो पाहिला होता. आता मुंबई-पुण्यात भाड्याची मैदानं झाली आहेत, दिव्यांच्या उजेडात रात्रीपर्यंत चालतात. आमच्याकडे राजिवड्यात काय? आमच्याकडे अंगण आहे. जांभ्याचं. आपाकडे सामान घेऊन गेले तेव्हा तिने चहा केला आणि बॅटींकडे पाहिलंही नाही. तिचीही साखर वाढलेली, पाय सुजलेले. दिवसभर त्याच ओटीवर बसून असते, जिथून आम्ही लगोरीचा आवाज ऐकायचो. मी काही बोलले नाही. भाच्याकडून खडू घेतला, वीस बाय चव्वेचाळीस कुठून बसणार, जेवढं बसलं तेवढं आखलं. दोन खुर्च्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तिच्यावर जुनी चादर. मध्ये ती आपोआप दोन बोटं झोळली, नियमाप्रमाणेच. भाच्याच्या मुलीबरोबर खेळू लागले. जांभ्यावर चेंडू सरळ उसळत नाही, खड्ड्यात पडला की भलतीकडे जातो.

तिसऱ्या संध्याकाळी एक चेंडू ओटीवर गेला. आपाने तो उचलला, हातात फिरवून त्याची भोकं पाहिली आणि बसल्या जागेवरून परत फेकला. तो सरळ माझ्या बॅटीवर येऊन लागला.

पाचव्या संध्याकाळी ती चपला काढून चादरीपाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आपा, ती जागा किचन आहे, तिथून हवेत मारायचं नाही." ती म्हणाली, "मला नको तुझे कायदे, तू टाक." मी टाकला. तिने टप्पा पडू दिला आणि मनगट नुसतं हलवून तो माझ्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. मी पोहोचले नाही. भाच्याची मुलगी ओरडली, "आउट!"

"आउट कसा?" आपा चादरीला धरून पुढे वाकली. "रेघेला लागलाय. खडू उडालेला बघ की."